पुणे व हैदराबाद येथे निवड

जुलै महिन्यात आमच्या गावच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला होता. चिखलीकडून येणारी एसटी थांबते तिथे, बरोबर शेडच्या डोक्यावर. माझा बारावीतला फोटो त्यावर एवढा मोठा केला होता की नाकाशेजारचा तीळ जांभळाएवढा दिसायचा. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या गावची सुकन्या कु. अर्पिता भगवानराव हिची पुणे व हैदराबाद येथे उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त गावकरी मंडळी.’

पुणे व हैदराबाद. त्यातला तो ‘व’ मला फार आवडायचा, हे आधी कबूल करून टाकते. एका माणसाला दोन शहरांत राहता येत नाही, हे समस्त गावकरी मंडळींना कळत होतं. मला तर कळत होतंच.

दीपमाला आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तिचे वडील कडूबाकाका आणि आई अंबूमावशी शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, कंपनीसाठी मिरचीचं बियाणं पिकवतात. आमचं चिखलीत कृषी केंद्र आहे, खतं-औषधांचं दुकान. म्हणजे ती मिरचीच्या फुलात हात घालून वाढली आणि मी दुकानातल्या पाकिटांवरचे मिरचीचे फोटो पाहून. तरी मार्कांत दरवेळी मीच थोडी पुढे असायचे. त्याचं कारण मला तेव्हा माझी हुशारी वाटायचं. बारावीच्या बोर्डाला जीवशास्त्राच्या पेपरात मी तिसरी पुरवणी मागितली तेव्हा वर्गातला पुरवण्यांचा गठ्ठाच संपला. माझ्या मागे बसलेल्या दीपमालाने हात वर केला, तर सरांना ऑफिसात जावं लागलं. ते परत येईपर्यंत घंटेला चारच मिनिटं उरली होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “शेवटचा प्रश्न राह्यला ओ.” मी म्हटलं, “मले तर जागाच पुरली नाही.” सगळ्या पोरी माझ्याकडे पाहत होत्या.

चिखलीच्या कॉलेजात आम्ही दोघींनी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केली आणि एम.एस्सी.साठी पुण्याची प्रवेश परीक्षाही बरोबरच दिली. हैदराबादचा फॉर्म मी एकटीने भरला होता. कडूबाकाकांनी तिला सांगितलं होतं, “या वर्षी नंबर लागला तर जाय. नाही लागला तर मंग मी पाहुणे पाहतो. मंग रडू नोको.” काका वाईट नाहीत. तिच्या मागे दोघी आहेत, म्हणून त्यांनी एक वर्षाची मुदत दिली होती. दीपमालाने ती मान्य केली होती.

परीक्षेनंतर पुण्यात आम्ही कँटीनला गेलो. मी काउंटरवर म्हटलं, “मले एक चहा द्या.” मागच्या टेबलावरच्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यातली एक हळूच म्हणाली, “मले.” बस, एवढंच. माझे कान लाल झाले. दीपमालानेही ते ऐकलं. ती हसली आणि काउंटरवर पुढे होऊन चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, “दादा, मलेबी एक!” चहा घेऊन ती त्याच मुलींच्या शेजारी बसली आणि पेपर कसा गेला ते विचारायला लागली. मी मात्र त्या कँटीनमध्ये पुढे तोंड उघडलं नाही.

मला पुण्याला जायचं नव्हतं, ते तिथेच ठरलं. हैदराबादला सगळं हिंदी-इंग्रजीत. तिथे माझी मराठी कोण मोजणार? त्यामुळे जूनच्या शेवटी हैदराबादची यादी लागली, तेव्हाच मी मनात बॅग भरली होती.

तीन जुलैला पुण्याची यादी आली. माझं नाव होतं. आमचा प्रवर्ग एकच. त्यात प्रतीक्षा यादीवर पहिलं नाव दीपमालाचं. मी पुण्याचा प्रवेश सोडला की ती जागा थेट तिची. सोडायची शेवटची मुदत सोळा जुलै, संध्याकाळी पाच. त्यानंतर जागा भरत नाहीत, रिकामी राहिली तर राहिली. हे सगळं आम्ही दोघींनी त्यांच्या शेडनेटच्या दारात बसून एकाच मोबाइलवर वाचलं.

“पहिलीच हाय मी,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. पडद्यावरचं आपलं नाव बोटाने मोठं करून बघत राहिली.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, दीपे, मी पुण्याले जात नाही. पाच शब्द. त्याऐवजी मी म्हणाले, “मले तर काही सुचूनच नाही राह्यलं. दोन्ही चांगले हायेत.”

खोटं मी का बोलले? त्या क्षणी कारण नव्हतंच. कारण नंतर तयार झालं, आणि ते असं की लोक विचारायला लागले.

आमच्या दुकानात युरिया घ्यायला आलेला माणूस आधी माझं विचारायचा. “काय ठरलं बापा, पुणं का हैदराबाद?” आणि बाबा मला हाक मारायचे. मी बाहेर येऊन कपाळावर हात ठेवायचे. एक म्हणायचा, “पुण्यालेच पाठोव भगवानराव. संध्याकाळी चिखलीत ट्रॅव्हल्समध्ये बसली का सकाळी पुण्यात.” दुसरा म्हणायचा, “पुण्यात काय ठेवलं? रूम भेटत नाही अन् भेटली तर मालकीण बोलू देत नाही. हैदराबादले आपली हिंदी चालते.” तिसऱ्याच्या साल्याचा पोरगा हैदराबादला होता, त्याला तिथून फोन लावून स्पीकरवर मत घेतलं जायचं. आमच्या आईने या दहा दिवसांत जितका चहा केला तितका ताईच्या लग्नात केला नसेल. आणि मी त्या सगळ्यांच्या मधोमध, फार मोठ्या पेचात सापडल्याचा आव आणून उभी. खरं सांगते, बावीस वर्षांत माझ्या मताची एवढी वाट कुणी पाहिली नव्हती. लोक हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते आणि मी स्वतःच फांदी शोधत होते.

मग जानरावकाका आले. बाबांचे मित्र, माजी सरपंच, गावात कुणाचाही सत्कार असला की पहिली खुर्ची मांडणारे. “भगवानराव, आपल्या पोरीनं दोन-दोन शहरं मारले! दोन्ही नावं आले पाहिजे फ्लेक्सवर. बारा तारखेले ग्रामपंचायतीसमोर कार्यक्रम घेऊ.”

फ्लेक्स आठ तारखेला लागला. दहाला प्रमुख पाहुण्यांचा निरोप आला की बारा जमत नाही, एकोणीस करा. पाहुणे निवृत्त शिक्षणाधिकारी होते. त्यांच्याशिवाय सत्कार नको, असं जानरावकाकांचं म्हणणं.

मी बाबांना सांगितलं, “सोळाले मले एक प्रवेश रद्द करावा लागते.”

बाबा हिशोबाच्या टेबलावरून वर पाहत म्हणाले, “अवो, फ्लेक्सवर दोन नावं हायेत. सोळाले एक कमी केलं, अन् एकोनीसले पाहुणे भाषणात दोन सांगतील, तर लोकं म्हणतील फेकून राह्यले. वीसले कर ना. कायले घाई?”

“वीसले केलं तर चालते का?”

“आपल्याले काय फरक पडते? आपन तर हैदराबादलेच जाणार ना?”

बाबांना माहीत होतं, बघा. घरात मी सांगितलेलं होतं. आणि बाबांना हे माहीत नव्हतं की पुण्याच्या यादीत माझ्यामागे कोण आहे. ते मी एका वाक्यात सांगू शकले असते. बाबा लगेच म्हणाले असते, मंग आत्ताच कर, त्या पोरीचं नुकसान कायले? मी त्यांना ओळखते. त्यांनी कडूबाकाकांना बियाण्याच्या हंगामात कधी उधारीवरच्या औषधाला नाही म्हटलेलं नाही. म्हणूनच मी ते वाक्य बोलले नाही. बोलले असते तर रद्द करावं लागलं असतं, आणि ‘व’ गेला असता.

पंधराला दीपमाला घरी आली. ओढणीच्या टोकात काकड्या बांधून आणल्या होत्या. आईशी बोलली, मग माझ्याजवळ पलंगावर बसली. थोडा वेळ काकडीचा देठ खुडत राहिली.

“ठरलं का तुह्यं?”

“नाही ना गं. डोक्याचा भुगा होऊन राह्यला.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं आता विचारेल, मला सरळ विचारेल, आणि विचारलं तर मी सोडून देईन. पण तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “नीट इचार करून ठरव. तुह्या जिंदगीचा सवाल हाय. माह्यासाठी घाई नोको करू.”

काकड्या ठेवून ती गेली. रात्री आईने त्यांची कोशिंबीर केली. मला ती नको होती, तरी मी खाल्ली. आई विचारील म्हणून.

सोळा तारखेला दुपारी मी चिखलीत होते. सत्काराला साडी नेसायची होती आणि ब्लाउज टेलरकडे घालून बघायचा होता. बाही थोडी घट्ट होती. टेलरबाई म्हणाल्या, अर्धा तास बसा. मी बाहेर बाकावर बसले आणि मोबाइल काढला. साडेचार झाले होते. पुण्याचं पान उघडलं, माझा नंबर टाकला. ‘प्रवेश रद्द करा’ असं लाल बटण आलं. ते दाबलं की ‘नक्की?’ असं विचारतं, ते मी आधीच बघून ठेवलेलं होतं. अंगठा बटणावर नेला.

“काय अर्पिता! काय ठरलं मग?”

समोर आमचे शाळेचे विज्ञानाचे सर. हातात भाजीची पिशवी. त्यांच्याबरोबर आणखी दोन शिक्षक होते, मी न पाहिलेले. सर त्यांना सांगायला लागले, “ही आमची विद्यार्थिनी. पुणे आणि हैदराबाद, दोन्हीकडे निवड झाली. फ्लेक्स पाहिला ना फाट्यावर? तीच.” ते दोघे माझ्याकडे बघून माना हलवायला लागले. मी उभी राहिले. मोबाइल हातात, बटण तसंच.

“अजून ठरतच नाही सर,” मी म्हणाले. “दोन्ही सोडवत नाहीत.”

“असं होतं, होतं,” सर म्हणाले. मग त्यांना आठवलं. “अन् आपली दीपमाला? तिचं काय झालं?”

“पुण्याला वेटिंगवर आहे सर. पहिली.”

“पहिलीच ना? मग होऊन जाईल. कोणी ना कोणी सोडतेच.”

सर पंधरा मिनिटं बोलले, पुण्याची हवा, हैदराबादची हवा. मी ‘हो सर’ करत राहिले. ते गेले तेव्हा पाचला आठ कमी होते. आत टेलरबाईंनी हाक मारली, “ये बाई, घालून पाहा.” मी आत गेले. ब्लाउज घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा आरशात मागचं घड्याळ दिसत होतं. आठ मिनिटं पुष्कळ असतात. चिखलीत नेटवर्क होतं, मोबाइल चार्ज होता, मी आजारी नव्हते, कुणी माझा हात धरला नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला सरांचं कारण सांगत होते. पाच वाजले. बाही आता नीट बसत होती.

एकोणीसला सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण. त्यात ‘दोन महानगरांनी हिला हाक मारली’ असं वाक्य होतं आणि टाळ्या पडल्या. व्यासपीठासमोरची रांगोळी दीपमालाने काढली होती. सकाळी सहापासून ती आणि अंबूमावशी तिथे होत्या. मला फुलांचा गुच्छ देण्यासाठी जानरावकाकांनी तिलाच वर बोलावलं, ‘सुकन्येची बालमैत्रीण’ म्हणून. तिचे हात रांगोळीने गुलाबी झाले होते. गुच्छ देताना तिने हळूच विचारलं, “साडी खोचू का? मागून सुटली.” आणि तिने माझ्यामागे जाऊन, सगळ्या गावासमोर, माझी साडी नीट खोचली. मला त्या व्यासपीठाखाली जावंसं वाटत होतं. मी माईकवर म्हणाले की माझ्या यशात माझ्या मैत्रिणीचा वाटा आहे. पुन्हा टाळ्या पडल्या.

वीसला मी पुण्याचा प्रवेश रद्द केला. जागा कुणालाच गेली नाही. त्या वर्गात आमच्या प्रवर्गाची एक खुर्ची वर्षभर रिकामी राहणार होती.

हैदराबादला मला कुणी विचारलं नाही की तू कोणतं शहर सोडून आलीस. तिथे सगळेच कुठलं ना कुठलं सोडून आलेले. माझी हिंदी ऐकून मात्र हसले, वऱ्हाडी वाटते म्हणून. मी दीपमालाला मेसेज करायचे; ती उत्तर द्यायची, अगदी पूर्वीसारखं, फुलांचे फोटो पाठवून. सोळा तारखेचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. नवरात्रात तिने लिहिलं की जालन्याचे पाहुणे बघून गेले, पसंती आली. खाली हसरा चेहरा टाकला होता. त्या चेहऱ्याकडे मी बराच वेळ बघत बसले आणि ‘अभिनंदन’ लिहिलं.

दिवाळीला घरी आले. फाट्यावर फ्लेक्स नव्हता, तिथे आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाकाकांच्या शेतात गेले. शेडनेटच्या शेजारी त्यांचं जनावरांचं छप्पर आहे. त्याच्या वर, दोऱ्यांनी आवळून बांधलेली, मी होते. तीळ उन्हाने फिका पडला होता. ‘हैदराबाद’ कडेला दुमडून गेलं होतं. ‘पुणे व’ एवढं मात्र चांगलं वाचता येत होतं.

अंबूमावशी कडबा टाकत होत्या. मी वर बघतेय हे पाहून त्या एकदम ओशाळल्या. “अवो माय, तुह्या बाबानं देल्ला. म्हणे पडून हाय, घेऊन जा. राग नोको मानू हो. फोटो वरतीच ठेवला आम्ही, पाय नाही पडू देत त्याच्यावर.” मग जरा थांबून, “लय जाड हाय. पानी गळत नाही.”

माझी माफी मागत होत्या. माझी! मला तोंड वर करवेना. “चांगलं केलं मावशी,” एवढंच म्हणता आलं.

दीपमाला आत मिरचीच्या ओळीत बसली होती. क्रॉसिंगचं काम चालू होतं. आदल्या दिवशी कळी उघडून तिच्यातले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि त्या देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा नसलेली मिरची झाडावर दिसली की तोडून टाकायची. अशी एक जरी बियाण्यात गेली तरी कंपनी सगळा माल परत करू शकते. मी तिच्यासमोर खाली बसले. तिने हैदराबादचं विचारलं, मी जालन्याचं विचारलं. मुलगा बियाण्याच्या कंपनीत आहे, चांगला आहे. पुढे शिकू देतील का? “पाहू म्हणतेत,” ती म्हणाली. दोऱ्याची गुंडाळी माझ्याकडे देऊन तिने मला तुकडे करायला सांगितले.

मी चार-पाच तुकडे केले. मग ती फुलाकडेच बघत म्हणाली, “एक विचारू? आता काही राह्यलं नाही, म्हणून विचारते. तू कोनतं सोडणार होती गं?”

“पुणं.”

“हाव? कवा ठरलं?”

इथे एक सोपं उत्तर होतं. ठरतच नव्हतं गं, शेवटपर्यंत ठरलं नाही. तिने ते मानलं असतं. मला वाटतं तिला ते मानायचंच होतं. तिचा चेहरा तसा होता. पण डोक्यावर जाळीच्या पलीकडे ते छप्पर दिसत होतं.

“पहिल्याच दिवशी,” मी म्हणाले. “कँटीनमधी. यादी लागायच्या आधी. तू पंधराले आली, तवाबी ठरेल होतं. फ्लेक्ससाठी थांबली मी, दीपे. सत्कार होईपर्यंत लोकायनं विचारत राहावं म्हणून.”

तिचा हात थांबला. पलीकडच्या ओळीत तिच्या बहिणी काहीतरी बोलून हसत होत्या. मला वाटलं ती ओरडेल, आणि मी मनातून त्याची वाट पाहत होते.

“मी रोज पाच-पाच वेळा पाहायची यादी,” ती म्हणाली. “विचारणार होती तुले. पण म्हटलं, गाव तिचं एवढं करून राह्यलं, अन् आपन विचारलं तर तिले वाटंल आपन जळतो.”

मला रडू आलं. तिने ते पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. पुढच्या झाडाकडे सरकली, पानं बाजूला करून बघितलं. बिनदोऱ्याची एक हिरवी मिरची खुडली आणि बाजूच्या टोपल्यात टाकली.

“बारावीले तू तिसरी पुरवणी घेतली होती,” ती म्हणाली. “शेवटची. ती कोरी होती. तशीच बांधून देल्ली तू. मी मागंच बसेल होती, मले दिसत होतं.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की ते कुणालाही माहीत नाही.

“दोरा दे,” ती म्हणाली. मी एक तुकडा तिच्या हातात दिला.